पाणी उभं राहू द्यायचं नाही

गिरजाबाईनं पितळी परात राखेनं घासली, पदरानं कोरडी केली आणि भावापुढे ठेवली, तसा शालिकराम दोन्ही हात वर करून मागं सरकला.

"ताई, उचल ते! आधी उचल! हे पानी तांबं खाते, पितळ खाते, लोखंडही सोडत नाई. परातीची चाळनी होईन अन् मंग तुही सासू मले खाईन."

"मी कायले खाईन रे तुले?" चुलीपाशी बसलेल्या तुळसाबाई म्हणाल्या. "मिलिट्रीतलं कडू वाळूक. तोंड कडू व्हायचं माहं."

शेवटी फळीवरचं तामचिनीचं ताट निघालं. पांढरं, निळ्या काठाचं, कुठंही टवका न उडालेलं. पाहुण्यांपुढे पोहे ठेवायचे असले तरच ते खाली यायचं. शालिकरामनं ते उन्हाकडे धरून फिरवून पाहिलं आणि मान हलवली. मग जाड काचेच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. अडुळशाचा काढा आटवून आटवून काळा करावा, तसं ते पाणी दिसत होतं. वास मात्र काढ्याचा नव्हता. विहिरीत उतरायच्या जुन्या कड्या ओल्या झाल्या की येतो, तसा लोखंडी वास होता.

"लुगड्यावर सांडू नको. डाग या जन्मी जानार नाई," तो म्हणाला.

त्या पाण्यात त्यानं एक तळहाताएवढी पाटी अलगद सोडली. पाटी खालून बदामी होती आणि वरून तिला तांब्याचा कागदासारखा पातळ पत्रा चिकटवलेला होता. जबलपूरच्या फौजी कारखान्यात शालिकराम बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. साहेबानं भंगारात काढलेल्या सामानातून मागून आणलेली ही एकच पाटी त्याच्याजवळ होती. उद्या सकाळच्या मोटारीनं त्याला परत निघायचं होतं.

तांब्यावर त्यानं काल रेघा ओढून ठेवल्या होत्या. ट्रंकेतून आणलेला रंग वाटेतच वाळून खडा झाला होता, तेव्हा गिरजाबाईनं आपला करंडा उघडून त्यातलं मेण दिलं. रोज सकाळी कपाळावर ज्या मेणाचं बोट टेकवायचं आणि वर कुंकू लावायचं, तेच मेण. शालिकरामनं ते पळीत पातळ केलं आणि बाभळीच्या काट्यानं, श्वास रोखून, एकेक रेघ ओढली.

"जिथं मेन, तिथलं तांबं वाचलं," त्यानं समजावलं होतं. "बाकी सारं हे पानी खाऊन टाकीन. ज्या रेघा उरतीन, त्या विजेच्या वाटा. खिशात मावायची पेटी कराची तर तारांचा गुंता चालत नाई ना ताई."

ती पेटी चंपतच्या कानासाठी होती.

चंपत म्हणजे गिरजाबाईचा नवरा. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नव्या विहिरीत सुरुंग उडाला, तेव्हा त्याला वर यायला जरासा उशीर झाला. देह शाबूत राहिला, कान मात्र तिथंच राहिले. अगदीच गेले असं नाही. मोटेची करकर, म्हशीचं हंबरणं, आईची हाक त्याला कुठून तरी लांबून, गोधडीच्या घड्यांमधून आल्यासारखी यायची. बाजारातली माणसं वांग्यांचा भाव त्याच्या कानाशी ओरडून ठरवायची आणि त्याचं चालून जायचं.

पण गिरजाबाईचा आवाज गोधडीतून येण्याएवढा कधी नव्हताच. माहेरी केनवडला तिला पाकोळी म्हणत. फुलावर बसली तरी फुलाला कळायचं नाही, असं तिचं बोलणं. "वरडून बोलत जाय ना वं," असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिनं करून पाहिलं. ओरडायला गेली की आवाज फाटायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. आणि 'जेवाले चाला' हे ओरडता येतं, 'पाऊस येऊन राह्यला' हेही येतं. बाकीचं ओरडता येत नाही. बाकीचं सगळं त्या घरात दीड वर्ष न बोललेलं पडून होतं.

तिचा रोजचा एक नेम होता. लग्न होऊन या मळ्यात आल्यापासून, सकाळी विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी येऊन पडतं तिथं, आसरांना हळदकुंकू वाहायचं, त्यांची कहाणी सांगायची आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा. साती आसरा पाण्यात राहतात, हे मळेकऱ्यांना काही सांगावं लागत नाही. कहाणी तिच्या आईची, आईच्या आईकडून आलेली. कहाणीला ऐकणारा लागतो. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हुं द्यायचा असतो. हुं मिळाला नाही तर कहाणी वाऱ्यावर जाते, देवाला पोचत नाही. आणि एकदा सुरू केली की मध्येच टाकून उठायचं नाही.

ऐकणारा चंपतच असायचा. बैल सोडून, हातपाय धुऊन तो थारोळ्याच्या दगडावर बसायचा. कान गेल्यावरही त्यानं ते सोडलं नाही. रोज येऊन बसायचा आणि हुं द्यायचा. पण आता त्याचा हुं कुठंही पडायचा. धाकटी आसरा रडते तिथं तो गप्प असायचा आणि कहाणी संपून गिरजाबाईनं हात जोडले की मागून दोन हुं यायचे.

"बहिऱ्याले कहानी अन् आंधळ्याले आरसा," तुळसाबाई म्हणायच्या.

पाण्याचा पहिला घोट घेताना गिरजाबाईला रोज वाटायचं, की आजचीही पोचली नाही.

ताट थारोळ्याच्या सपाट दगडावर ठेवून शालिकरामनं तिला समोर बसवलं.

"हे असं," तो म्हणाला. ताटाचा एक काठ त्यानं दोन बोटं उचलला, खाली टेकवला, मग दुसरा उचलला. काळं पाणी पाटीवरून इकडून तिकडे गेलं, तिकडून इकडे आलं. "पाखडाचं नाई. पाळन्यावानी हालवाचं. पानी उभं राहू द्याचं नाई. उभं राह्यलं का त्याचीच मळी तांब्यावर बसते अन् खानं थांबते. ताजं पानी फिरत राह्यलं पाह्यजे."

"मंग गरम करून घ्याचं होतं," तुळसाबाई चुलीपाशून म्हणाल्या. "लवकर झालं असतं."

"मेन पघळीन ना मावशी! म्हनूनच तर सकाळच्या थंडीत लावलं. ऊन चढाच्या आत आटपाले पाह्यजे." मग तो बहिणीकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हे ध्यानात ठेव. रेघांमधलं लाल सारं गेलं, बदामी पाटी दिसली, का त्याच घडीले उचलाची अन् या बालटीतल्या साध्या पान्यात बुडवाची. थांबाचं नाई. एक पाटी हाय आपल्याजवळ."

"अन् तू?"

"मी वाशीमले जाऊन येतो. बॅटरीचे सेल आनाचे हायत, अन् राजाराम कल्हईवाल्याजवळून राळ. आलोच."

सायकल बांधावरून गेली, वाशीमच्या रस्त्याला लागली आणि धुक्यात विरघळली.

कार्तिकातली सकाळ. मेथीच्या वाफ्यांवर धुकं गुडघाभर साचलेलं, आणि त्यातून कोथिंबिरीचा वास, ओल्या मातीचा वास. लांब बालाजीच्या देवळातला घंटानाद आला आणि धुक्यातच राहिला. गिरजाबाईनं थारोळ्यावर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ताट हलवायला लागली.

एक काठ वर, एक काठ खाली. पाणी जायचं, पाणी यायचं. जाताना ते पाटीवरून पातळ व्हायचं आणि क्षणभर खालचं तांबं दिसायचं. मघाशी झळाळत होतं, ते आता फिकट गुलाबी, मंद, नुकत्या न्हालेल्या बाळाच्या तळव्यासारखं झालं होतं. परत येताना पाणी त्याला झाकायचं. जणू कुणी झोपेत पांघरूण ओढतंय, काढतंय, पुन्हा ओढतंय. हातांना थोड्या वेळात सांगावंच लागेना. हात आपले चालले आणि ती त्यांच्या मागोमाग चालली, बैलांच्या मागं माणूस चालतो तशी. ताट कुठं संपतं आणि थारोळं कुठं सुरू होतं, हे कळेना. सगळा मळाच हळूहळू एका अंगाला कलतोय, दुसऱ्या अंगाला कलतोय, आणि धुकं त्याच्यावरून जातंय, येतंय, असं तिला वाटायला लागलं.

चंपत येऊन दगडावर बसला. त्यानं ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. तिनं एका हातानं कानाला बोट लावून ताटाकडे दाखवलं. तो हसला. मग मांडी घालून, गुडघ्यावर हात ठेवून, रोजच्यासारखा तयार झाला.

कहाणीची वेळ झाली होती. तोंडात अजून पाणी नव्हतं. हात थांबवता येत नव्हते, पण तोंड मोकळं होतं.

"आसराबाई, तुमची कहानी," गिरजाबाईनं सुरुवात केली. "एक होता माळी, एक होती माळीन. मळा केला, पन पानी नाई."

ताट उजवीकडे कललं.

"हुं," चंपत म्हणाला.

"माळ्यानं पहार घेतली. दगडावर दनादना हानली. खाली सात बहिनी होत्या. आवाजाले भ्याल्या, खोल पळाल्या."

ताट डावीकडे आलं.

"हुं."

गिरजाबाईनं मान वर केली. चंपतचे डोळे तिच्या तोंडाकडे नव्हते. ते पाण्याबरोबर जात होते, पाण्याबरोबर येत होते. तिचं वाक्य संपलं की तिचा एक हात खाली यायचा, पाणी काठाला टेकायचं आणि त्याचा हुं यायचा. मग ती पुढचं वाक्य उचलायची.

"माळी थकला, निजला. माळीन उठली. दगडाले कान लावला अन् हळूच म्हने, बाई, तहान लागली."

"हुं."

"सहा बहिनींनी ऐकलंच नाई. धाकटीनं ऐकलं."

"हुं."

बरोबर. अगदी बरोबर तिथंच. दीड वर्षानं. गिरजाबाईनं आवाज चढवला नव्हता, काही बदललं नव्हतं. फक्त हात हलत होते, आणि कहाणी हातातून ताटात, ताटातून पाण्यात, पाण्यातून त्याच्या डोळ्यांत जात होती. तिचं सांगणं संथ झालं. एकेक शब्द ती पाण्यावर सोडायला लागली, कार्तिकातले दिवे सोडतात तसा.

धाकटी वर निघाली. वाटेत काळा दगड आडवा आला. म्हणाला, कुठं चालली? कुणी तरी हाक मारली, तिकडे चालली. काळा दगड म्हणाला, मग तुझा रंग मला दे आणि जा. धाकटीनं आपला रंग काढून दिला. तेव्हापासून पाण्याला रंग नाही.

"हुं," चंपत म्हणाला.

पाटीच्या कडेला बदामी दिसायला लागलं होतं. आधी एक कोपरा, मग दुसरा. लाल तांबं कडेकडून आत आत सरकत होतं, उन्हात वाळणाऱ्या वाफ्यासारखं, आणि मेणाच्या रेघा पाटांसारख्या उठून दिसत होत्या. इकडून वळलेला एक पाट, तिकडून त्याला येऊन मिळालेला दुसरा. मळ्याचाच नकाशा कुणी लहान करून पाण्याखाली ठेवला होता.

पुढं तांबडा दगड आडवा आला. म्हणाला, कुठं चालली? कुणी तरी हाक मारली, तिकडे चालली. तांबडा दगड म्हणाला, मग तुझं रूप मला दे आणि जा. धाकटीनं आपलं रूप काढून दिलं. तेव्हापासून पाण्याला रूप नाही, ज्याच्यात ठेवावं त्याच्यासारखं ते होतं.

"हुं."

रेघांमधलं शेवटचं लाल गेलं. गिरजाबाईनं ते पाहिलं. बाजरीच्या दाण्याएवढा एक ठिपका मध्यभागी होता, पाणी त्याच्यावरून गेलं, पाणी आलं, आणि ठिपका नव्हता. सगळी पाटी बदामी झाली होती. बादली हाताशी होती.

पण धाकटी अजून दगडांच्या मध्ये होती. रंग देऊन झालेला, रूप देऊन झालेलं, आणि वर पांढरा दगड. तिला तिथं अंधारात ठेवून उठायचं कसं? अर्धी कहाणी टाकली तर ती पुन्हा खाली जाईल, असं आई सांगायची. आणि समोर चंपत बसला होता, बरोबर हुं देत. आज कहाणी पोचत होती. हात थांबले तर त्याचा हुंही थांबणार होता.

एवढीशी तर राहिली, तिनं मनात म्हटलं. आणि वर मेण आहे. कुंकवाचं मेण. राखील ते.

ताट हलत राहिलं. पांढऱ्या दगडानं धाकटीचा आवाज मागितला. धाकटी रडली.

"हुं," चंपत हळूच म्हणाला.

मग तिनं आवाजही दिला आणि वर आली, माळणीच्या ओंजळीत. रंग नाही, रूप नाही, आवाज नाही. म्हणून पाण्याला स्वतःचा आवाज नसतो. घागरीत घागरीचा, पाटात पाटाचा, आणि तहानलेल्याच्या गळ्यात त्याच्या गळ्याचा. कहाणी संपली. गिरजाबाईनं पाटी उचलून बादलीत बुडवली, हात जोडले आणि ओंजळभर पाणी प्यायली. ते इतकं गोड कधी लागलं नव्हतं. धुकं उठलं होतं. ऊन थारोळ्यापर्यंत आलं होतं.

शालिकराम आला तेव्हा पाटी केळीच्या पानावर निथळत होती. मेणाच्या रेघा जागच्या जागी, एकही तुटलेली नाही. तो खूश झाला.

"वा वं ताई! कारखान्यातल्या पोट्ट्यांपेक्षा झ्याक."

त्यानं कढत पाणी मागून घेतलं, पाटीवर ओतलं आणि चिंधीनं मेण पुसायला लागला. पुसता पुसता त्याचा हात मंद झाला. मग थांबला. पाटी उन्हाकडे धरून तो बराच वेळ पाहत राहिला.

"ताई, लाल गेल्यावर लगेच उचलली होती का तू?"

गिरजाबाईनं मान खाली घातली.

"हे पाह्य. मेन वरून तसंच राह्यलं, पन पानी बाजूनं शिरलं. मेनाखालून तांबं खाल्लं त्यानं. इथं रेघ गेली. इथं गेली. अन् हे तर..." त्यानं पाटी तिच्यापुढे धरली. "काहून थांबली वं? म्या सांगतलं होतं ना?"

"कहानी चालू होती," गिरजाबाई म्हणाली.

"काय?"

"कहानी चालू होती. मधात कशी टाकू? धाकटी..."

शालिकरामनं पाटी खाली ठेवली. राग कुणावर काढावा हे त्याला समजेना, म्हणून त्यानं सेलांची पुडी उचलून पुन्हा ठेवली. "दुसरी पाटी नाई माह्याजवळ. पुढच्या सुट्टीले आनीन. भेटली तर." आणि तो बांधावर जाऊन पाठ फिरवून बसला.

चंपतला शब्द कळले नाहीत, पण पाठ कळली. त्यानं पाटी हातात घेतली, पाहिली, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाटी परत ठेवून दिली. जणू ती त्याची नव्हतीच. "जाऊ दे ना," तो म्हणाला, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात. "माहं काय अडून राह्यलं? मले आता सवय झाली." आणि तो बैलांकडे निघाला.

गिरजाबाईला ते ऐकवलं नाही. रडली असती तर सोपं गेलं असतं, पण तिला रडूही येईना.

तुळसाबाई हातातलं उलथणं घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि बांधाकडे तोंड करून आवाज दिला, "अबे शालिक! इकडं ये."

"काय मावशी?"

"हे रेघ तुटली म्हनून तू रुसला व्हय? पाट फुटला तर मळा सोडून देतेत काय रे? मुठभर चिखल लावतेत अन् पानी पुढं नेतेत."

"चिखलानं नाई होत मावशी. वीज हाय ते."

"मंग विजेचा चिखल लाव! तुहाच धंदा अन् मलेच इचारतं. सून चुकली ते चुकली. देवाचं करता करता चुकली, चोरी कराले नवती गेली."

सून बाजूलाच उभी होती. सासूनं आपली बाजू घेतली, हे तिच्या कानांना खरं वाटेना.

शालिकराम बांधावरून उठला, ट्रंक उघडली आणि जुन्या गुंडाळीतून केसासारखी तांब्याची तार काढली. विजेचा चिखल त्याच्याजवळ होता: कथील. रागात तो आठवला नव्हता, किंवा हातची सुबक पाटी अशी ठिगळं लावून वापरायची त्याला लाज वाटत होती. चुलीत लोखंडाची सळई तापवली, राळ लावली आणि जिथं जिथं वाट खाल्ली गेली होती, तिथं तिथं तारेचा तुकडा टेकवून कथिलानं दोन्ही टोकं धरली. गिरजाबाई सळई तापवून देत राहिली. दुपार कलली, म्हशी परतल्या. मग तीन पायांचे ते बारके दाणे बसले, जे आवाज मोठा करतात असं तो म्हणायचा. सेल बसले. सगळं बिडीच्या पत्र्याच्या डबीत गेलं आणि डबीतून एक तार निघून कानात घालायच्या कुपीपाशी संपली.

दिवस मावळायला थोडा असताना चंपतला बाजेवर बसवलं. डबी सदऱ्याच्या खिशात, कुपी कानात. शालिकरामनं डबीवरचं, आवाज कमीजास्त करायचं चाक फिरवलं.

चंपत दचकला. त्यानं खिशावर हात ठेवला. "पाऊस येऊन राह्यला का?"

"तो पाऊस नाई भाऊजी, डबीचा आवाज हाय. खरखर. अजून काय येते?"

चंपतनं मान तिरकी केली. चेहरा असा झाला, की विहिरीत काही पडलं आणि तो ते वरून शोधतोय. "मोट," तो म्हणाला. "पल्याडच्या मळ्यातली मोट. तिच्या चाकाच्या आखाला वंगन पाह्यजे."

"ऐकते! माह्या पोराले ऐकते!" तुळसाबाई त्याच्या कानाशी, रोजच्या सवयीनं, सगळा जीव एकवटून ओरडल्या.

चंपतनं दोन्ही हातांनी कान धरले. "माय! हळू! वरडून काहून राह्यली?"

"घ्या! दीड वर्स वरडून वरडून गळा बसला माहा, अन् आता म्हनते हळू!"

सगळे हसले. हसता हसता सगळे गिरजाबाईकडे पाहायला लागले. चंपतही पाहायला लागला. तिच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे.

"बोल ना ताई," शालिकराम म्हणाला. "तुह्यासाठीच तर केलं."

गिरजाबाईनं पदर सावरला, ओठ उघडले. एवढ्या माणसांत, एवढ्या उजेडात, दीड वर्षांचं कुठून काढायचं? "उद्या," ती कशीबशी म्हणाली आणि आत पळाली. ते चंपतला ऐकू आलं की नाही, कुणाला कळलं नाही. शालिकराम चाक फिरवत राहिला. त्याला माहीत होतं की मोटेची करकर पकडणं वेगळं आणि पाकोळीचा आवाज पकडणं वेगळं. ठिगळांच्या वाटेनं तेवढा आवाज जाईल का, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

सकाळी पुन्हा धुकं होतं. शालिकराम ट्रंक भरून, बूट घालून ओट्यावर बसला होता. मोटारीला वेळ होता, पण तो खरं तर त्यासाठी थांबला नव्हता.

गिरजाबाईनं थारोळ्यावर हळदकुंकू वाहिलं. चंपत येऊन बसला, कानात कुपी, खिशावर हात. आज तिच्या हातांना काही काम नव्हतं. ते मांडीवर ठेवावेत की जोडावेत, तिला कळेना.

"आसराबाई, तुमची कहानी. एक होता माळी, एक होती माळीन. मळा केला, पन पानी नाई."

ती थांबली. हुं आला नाही.

तिनं पुढचं सांगितलं. पहार, दगड, सात बहिणी. पुन्हा थांबली. काही नाही. चंपत मान खाली घालून बसला होता, हललाही नाही. ओट्यावर शालिकराम उभा राहिलेला तिला दिसला. तिचा आवाज आणखी बारीक झाला. काल निदान ताट होतं, पाणी होतं. आज काहीच नव्हतं. माळीण दगडाशी वाकली, धाकटी निघाली, काळ्या दगडानं रंग घेतला, आणि एकदाही, चुकीच्या जागीसुद्धा, चंपतचा हुं आला नाही. तांबडा दगड आडवा आला. जन्मात पहिल्यांदा गिरजाबाई कहाणीच्या मध्येच गप्प झाली.

धुकं वाफ्यांवरून सरकत होतं. थारोळ्यात एक थेंब पडला.

चंपतनं मान वर केली. डोळे भरलेले होते आणि चेहऱ्यावर चक्क वैताग होता.

"थांबली काहून वं? सांग ना पुढं."

"तुमी हुं नाई देऊन राह्यले," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात.

"अवं," चंपत म्हणाला, आणि त्याचा आवाजही आता सपाट नव्हता, तिच्याएवढा खाली आलेला होता, "तुले ऐकू, का हुं देऊ?"

ओट्यावर शालिकरामनं ट्रंक उचलली आणि उगाचच पुन्हा खाली ठेवली.

"पन हुं बिगर कहानी पोचत नाई," ती म्हणाली.

"हुं!" चुलीपाशून तुळसाबाईंचा आवाज आला, भाकरीच्या थापटण्यावरून. "मी देतो हुं. तो तांबडा दगड कवाचा आडवा येऊन उभा हाय. सांग लवकर, भाकर करपून राह्यली."